दीनबंधू अँड्र्यूज आणि फिजीच्या भगिनी

चार्ल्स फ्रीअर अँड्र्यूज हे नाव आपल्यापैकी पुष्कळजणींनी शाळेत असताना ऐकले असेल. गांधीजींचे इंग्रज स्नेही, शांतिनिकेतनातील गुरुदेव टागोरांचे सहकारी आणि लोकांनी ज्यांना 'दीनबंधू' म्हटले ते, एवढी त्यांची ओळख परीक्षेपुरती पुरते. पण त्यांच्या आयुष्यात एक प्रकरण असे आहे की ते आपण बायकांनी मुद्दाम वाचावे. पॅसिफिक महासागरातील फिजी बेटांवर उसाच्या मळ्यांत राबणाऱ्या आपल्या देशाच्या भगिनींवर जे अत्याचार होत असत, ते थांबावेत म्हणून या माणसाने आपल्या उमेदीची वर्षे वेचली.

मंडळाच्या वर्धापनदिनाच्या स्मरणिकेत हा विषय घेण्याला कारण आहे. आपल्या कार्यकारिणीपुढे यंदा एक प्रस्ताव आला आहे. आठवड्यातून दोन दुपारी मंडळाची मागची खोली घरात मारहाण, छळ सोसणाऱ्या बायकांसाठी उघडी ठेवावी, तेथे एखादी जाणती बाई बसावी आणि येणारीचे ऐकून घेऊन तिला पुढची वाट दाखवावी, असा तो प्रस्ताव. त्यावर दोन मते पडली आहेत. कोणाच्या घरच्या भांडणात मंडळाने पडू नये असे काही भगिनींना वाटते, आणि त्यांची काळजी अगदीच खोटी आहे असे मी म्हणणार नाही. मी प्रस्तावाच्या बाजूची आहे. परंतु वाद घालण्यापेक्षा एका मोठ्या माणसाचे चरित्र सांगावे आणि त्यातून काय निघते ते वाचणारीनेच पाहावे, हे मला अधिक बरे वाटते.

अँड्र्यूज यांचा जन्म १२ फेब्रुवारी १८७१ रोजी इंग्लंडमधील न्यूकॅसल येथे झाला. वडील धर्मोपदेशक होते आणि घर मुलाबाळांनी भरलेले होते. लहानपणी चार्ली सांधेज्वराने फार आजारी पडला. त्या दुखण्यातून आईने रात्री जागून त्याला वाचवले. पुढे आयुष्यभर त्यांना दीनदुबळ्यांविषयी जी माया वाटत आली, तिचे मूळ ते आपल्या आईच्या त्या सेवेत पाहत असत. ते नऊदहा वर्षांचे असतील, तेव्हा घरावर एक संकट आले. वडिलांच्या एका विश्वासू मित्राकडे आईचा पैसा सांभाळण्यासाठी दिलेला होता. तो त्याने सट्ट्यात घालवला. घर एका दिवसात गरीब झाले. त्या रात्री वडिलांनी मुलांना जवळ बसवून प्रार्थना केली ती त्या बुडवणाऱ्या मित्राच्या भल्यासाठी! ही गोष्ट अँड्र्यूज यांच्या मनावर कायमची कोरली गेली.

बर्मिंगहॅमच्या शाळेतून ते केंब्रिजच्या पेम्ब्रोक कॉलेजात गेले, उत्तम शिकले, धर्मोपदेशकाची दीक्षा घेतली आणि लंडनच्या वॉलवर्थ या गरीब वस्तीत कॉलेजच्या सेवाकेंद्रात राहू लागले. दारिद्र्य आणि दाटीवाटी माणसाच्या घराचे काय करते, हे त्यांनी प्रथम तेथे पाहिले. मार्च १९०४ मध्ये ते दिल्लीच्या सेंट स्टीफन्स कॉलेजात शिकवण्यासाठी हिंदुस्थानात आले. दोनच वर्षांनी कॉलेजच्या प्राचार्यपदाचा प्रश्न निघाला. रिवाजाप्रमाणे ती जागा इंग्रजाला मिळायची. पण सुशीलकुमार रुद्र हे तेथे जुने आणि योग्य अध्यापक होते. तेच प्राचार्य झाले पाहिजेत असा आग्रह अँड्र्यूज यांनी धरला, आणि तसेच झाले. आपल्याला मिळू शकणारा मान दुसऱ्याला मिळवून देणे हा त्यांचा स्वभावच होता.

आपल्या महाराष्ट्राचा आणि त्यांचा संबंध जुळला तो नामदार गोखल्यांमुळे. परदेशी नेल्या जाणाऱ्या हिंदी मजुरांचा प्रश्न गोखल्यांनी जिवाभावाने हाती घेतला होता. १९१० साली त्यांनी कायदे कौन्सिलात ठराव आणून नाताळकडे जाणारे मजूर थांबवण्यास सरकारला भाग पाडले. १९१२ च्या मार्चमध्ये त्यांनी पुढचा ठराव मांडला की ही करारबंद मजुरीची पद्धत सर्वच वसाहतींपुरती बंद करावी. कौन्सिलात सरकारी मते जास्त, त्यामुळे ठराव पडला. १९१३ च्या अखेरीस दक्षिण आफ्रिकेत गांधीजींचा सत्याग्रह रंगात आला, तेव्हा गोखल्यांनी अँड्र्यूज यांना तिकडे जाण्याची गळ घातली. अँड्र्यूज यांनी आपली सारी शिल्लक आधीच त्या लढ्याच्या फंडात दिलेली होती. विल्यम पिअर्सन या मित्राला बरोबर घेऊन ते निघाले आणि जानेवारी १९१४ मध्ये डर्बानच्या धक्क्यावर उतरताच त्यांनी वाकून गांधीजींच्या पायांना हात लावला. एका गोऱ्या माणसाने असे करावे याचा तेथील गोऱ्या लोकांना केवढा संताप आला! त्याच महिन्यात इंग्लंडमध्ये त्यांची आई वारली. आईवरची माया यापुढे हिंदुस्थानावर, असे त्यांनी तेव्हा मनाशी ठरवले, आणि ते शब्दाला जागले.

आता फिजीकडे वळते. ऑस्ट्रेलियाच्या पूर्वेला, समुद्रात विखुरलेल्या शेकडो बेटांचा हा देश १८७४ साली इंग्रजांच्या ताब्यात गेला. गव्हर्नर आर्थर गॉर्डन यांना तेथील मूळ रहिवाशांना मळ्यांत जुंपायचे नव्हते. म्हणून त्यांनी हिंदुस्थानातून मजूर आणण्याची योजना केली. १४ मे १८७९ रोजी 'लिओनिडास' नावाचे पहिले जहाज तेथे पोहोचले. १९१६ पर्यंत ८७ सफरी झाल्या आणि साठ हजारांहून अधिक माणसे नेली गेली. बहुतेक संयुक्त प्रांत, बिहार आणि पुढे मद्रास इलाख्यातली. सिडनीच्या कलोनियल शुगर रिफायनिंग कंपनीचे तेथे मोठे राज्य होते.

पाच वर्षांच्या करारावर अंगठा करून ही माणसे जात. 'अ‍ॅग्रीमेंट' या शब्दाचे त्यांच्या तोंडी 'गिरमिट' झाले. आपल्याकडे सुताराच्या भोके पाडायच्या हत्याराला गिरमिट म्हणतात. त्या बिचाऱ्यांच्या जिवालाही हे गिरमिट तसेच लागले होते. ठरवून दिलेले काम पुरे केले तर पुरुषाला दिवसाचा एक शिलिंग आणि बाईला नऊ पेन्स. कामावर न येणे हा गुन्हा, त्याला दंड किंवा तुरुंग. राहायला 'कुली लाईन' म्हणजे लांबलचक चाळी. त्यातली एकेक खोली दहा फूट लांब आणि सात फूट रुंद. एका खोलीत तीन एकटे पुरुष, नाहीतर एक जोडपे मुलांसह. खोल्यांमधल्या भिंती छपरापर्यंत नेलेल्या नसत, वर नुसती जाळी असे. शेजारच्या खोलीतला श्वाससुद्धा ऐकू येईल अशा जागेत कोणते घरपण राहणार?

आणि या व्यवस्थेत बाईची गत काय होती पाहा. सरकारचा नियम असा होता की शंभर पुरुषांमागे चाळीस बायका धाडाव्यात. का चाळीस, याला मळेवाल्यांच्या हिशेबाखेरीज दुसरे कारण नव्हते. धर्मविधीने लागलेले लग्न सरकारदरबारी नोंदल्याशिवाय धरले जात नसे. त्यामुळे नवरा असलेल्या बाईलाही कायद्याचा आधार नव्हता. शेतात कोणाला कोठे पाठवायचे हे गोऱ्या ओव्हरसिअरच्या आणि त्याच्या हाताखालच्या हिंदी सरदाराच्या, म्हणजे मुकादमाच्या हाती. हा मुकादम आपलाच देशबंधू, पण बऱ्याच ठिकाणी तोच साहेबाच्या वतीने बायकांना छळणारा होता. हुकूम न मानणाऱ्या बाईला लांबच्या, एकाकी तुकड्यात एकटीला काम दिले जाई. खोलीत परतली तर तेथे संशयाने पेटलेला पुरुष. ऊस तोडायच्या कोयत्याने बायकांचे खून पडत. पुरुष गळफास लावून घेत. सरकारी कागदांत या सगळ्याचे कारण नोंदवलेले असे ते एकच, बायकांच्या चालीवरून उपजलेला मत्सर! म्हणजे मारणारा पुरुष, खोली कंपनीची, नियम सरकारचा, आणि दोष मेलेल्या बाईचा.

१० एप्रिल १९१३ रोजी कुंती नावाच्या एका तरुण बाईच्या बाबतीत असेच घडले. ती गोरखपूरकडची, चर्मकार समाजातील. रेवा भागातल्या एका मळ्यात केळीच्या बागेत तिला एकटीला, इतरांपासून दूर, कामाला धाडले. तेथे ओव्हरसिअर तिच्या अंगावर आला. ती निसटली आणि तिने सरळ नदीत उडी घेतली. जगदेव नावाचा एक मुलगा होडी घेऊन जवळ होता, त्याने तिला वाचवले. अशा बायका आधीही झाल्या असतील. पण कुंतीने तोंड मिटून घेतले नाही. तिची हकीकत १९१४ साली कलकत्त्याच्या 'भारतमित्र' या हिंदी पत्रात छापून आली आणि देशभर खळबळ उडाली. फिजी सरकारने तिचे म्हणणे खोटे ठरवण्याचा पुष्कळ प्रयत्न केला. त्याच वर्षी एकवीस वर्षे फिजीत काढून परतलेले तोताराम सनाढ्य यांचे पुस्तकही निघाले. एका अशिक्षित, गरीब, परक्या मुलखातल्या बाईने तोंड उघडले आणि तिचे म्हणणे छापणारा कोणीतरी निघाला, म्हणून पुढचे सारे घडले, हे आपण विसरू नये.

१९१५ साली अँड्र्यूज पटकीने अंथरुणाला खिळले होते. दुखण्यातून उठत असताना एका करारबंद मजुराची मूर्ती त्यांच्या डोळ्यांपुढे उभी राहिली आणि पाहता पाहता त्या मुखाच्या जागी त्यांना ख्रिस्ताचे मुख दिसले, अशी आठवण त्यांनी लिहून ठेवली आहे. गोखले त्या वर्षीच्या फेब्रुवारीत निवर्तले होते, त्यांचे काम अर्धवट राहिले होते. अंगात पुरती ताकद आली नसताना अँड्र्यूज पिअर्सनसह सप्टेंबरात निघाले आणि ऑस्ट्रेलियामार्गे फिजीला पोहोचले. कोणा सरकारने त्यांना पाठवले नव्हते. तेथे ते मळेवाल्यांना भेटले, कंपनीच्या साहेबांना भेटले, आणि कुली लाईनींत, दवाखान्यांत जाऊन मजुरांशी बोलले. कागदपत्रे तपासली, आकडे जमवले. शिव्याशाप न देता, शांतपणे, पाहिले तेवढेच लिहायचे अशी त्यांची रीत होती. १९१६ च्या आरंभी त्यांचा अहवाल प्रसिद्ध झाला. पगार वाढवून किंवा चाळींना रंग देऊन हा रोग जाणार नाही, ही पद्धतच मुळासकट गेली पाहिजे, असा त्याचा निष्कर्ष होता. चाळीस बायकांचा नियम आणि आडोसा नसलेल्या खोल्या ही त्यांनी अनर्थाची मुख्य कारणे म्हणून दाखवली.

मार्च १९१६ मध्ये पंडित मदनमोहन मालवीयांनी कौन्सिलात ठराव मांडला आणि व्हाइसरॉय लॉर्ड हार्डिंज यांनी पद्धत बंद करण्याचे तत्त्व मान्य केले. लोकांना आनंद झाला. पण पुढे अँड्र्यूज यांच्या ध्यानात आले की वसाहतींची सोय लागेपर्यंत आणखी पाच वर्षे भरती चालूच ठेवायचा घाट आहे. पाच वर्षे म्हणजे आणखी किती कुंती! १९१७ च्या आरंभी देशभर चळवळ उठली. गांधीजी गावोगाव सभा घेत फिरले.

या वेळी आपल्या मुंबईच्या भगिनींनी जे केले ते आपल्या मंडळाच्या इतिहासात सोन्याने लिहून ठेवावे असे आहे. श्रीमती जाईजी पेटिट यांनी स्त्रियांचे एक शिष्टमंडळ व्हाइसरॉयकडे न्यावे म्हणून जिवाचे रान केले. त्यात लेडी टाटा होत्या, दिलशाद बेगम होत्या. पारशी, मुसलमान, सुखवस्तू घरच्या या बायका. त्यांच्यापैकी कोणाची मुलगी उसाच्या मळ्यात जाणार नव्हती. तरीही हजारो मैलांवरच्या, दुसऱ्या प्रांतातल्या, दुसऱ्या जातीच्या मजूर बायकांची लाज ती आपली लाज, असे मानून त्या सरकारदारी गेल्या. त्यांच्या भेटीचा परिणाम मोठा झाला, असे गांधीजींनी आपल्या आत्मकथेत नमूद केले आहे. त्याच वर्षी युद्धकाळातील हुकूम म्हणून मजुरांची भरती बंद झाली, ती तशा रूपात पुन्हा कधी सुरू झाली नाही.

येथे दुसरा कोणी असता तर हार गळ्यात घालून घरी बसला असता. अँड्र्यूज मात्र १९१७ मध्ये पुन्हा फिजीला गेले, कारण नवे मजूर येणे थांबले तरी आधी गेलेले तेथेच अडकले होते. आपल्या लोकांत राहून त्यांनी काही महिने काढले. फार थोडा फरक पडला आहे असे त्यांना दिसले. तेव्हा ते ऑस्ट्रेलियात गेले आणि तेथील स्त्रीसंस्थांपुढे बोलले. युक्ती साधी होती. साखरेची कंपनी ऑस्ट्रेलियाची होती, साखर त्या बायकांच्या घरात जात होती, आणि त्या बायकांना १९०२ पासून मताचा अधिकार होता. त्यांनी अँड्र्यूज यांच्या शब्दावर विसंबून न राहता स्वतः चौकशी करायचे ठरवले. कलकत्त्यात हिंदी स्त्रियांमध्ये काम केलेल्या मिस फ्लोरेन्स गार्नहॅम यांना त्यांनी १९१८ साली फिजीला पाठवले. एक स्त्री स्त्रियांशी बोलली आणि तिचा अहवाल अँड्र्यूज यांच्याच बाजूने पडला. अखेर १९२० च्या आरंभी उरलेले सर्व करार रद्द झाले आणि शेवटचा गिरमिटिया मोकळा झाला.

या झगड्यात एक मागणी अशी होती की मळ्यांवरच्या दवाखान्यांत बायकांच्या शुश्रूषेला बाईच असावी. मोठमोठ्या ठरावांपुढे ही गोष्ट कोणाला किरकोळ वाटेल. मला वाटत नाही. मी एकतीस वर्षे परिचारिकेची नोकरी केली. बायकांच्या वॉर्डात हात मोडून आलेली बाई दिवसा सगळ्यांना सांगते की जिन्यावरून पडले. रात्री दोन वाजता, दिवे मालवल्यावर, पाणी द्यायला गेलेल्या बाईचा पदर धरून ती खरे काय ते सांगते. पोलीस, डॉक्टर, सासरची माणसे यांच्यापैकी कोणालाही तिने ते सांगितलेले नसते. तिला सांगायला जागा लागते, वेळ लागतो आणि समोर बाईमाणूस लागते. ज्या फिजीत बाईला दाराआडची एक खोली नव्हती, तेथे एक परिचारिका म्हणजे केवढा आधार!

अँड्र्यूज यांच्या आधीही हे कोणी ओळखले नव्हते असे नाही. हॅना डडली नावाच्या एक अविवाहित ऑस्ट्रेलियन बाई १८९७ पासून सुवा गावात राहत होत्या. त्यांना हिंदुस्थानी येत असे. आपल्या घराच्या ओसरीवर त्यांनी हिंदी मुलांची शाळा भरवली, पोरकी मुले पोटच्यासारखी सांभाळली. आणि १९२० च्या आरंभी सुव्यात मजुरांचा संप झाला, तेव्हा बॅरिस्टर मणिलाल यांच्या पत्नी जयकुंवर यांच्या पुढारीपणाखाली हिंदी बायका स्वतःच गव्हर्नरकडे गाऱ्हाणे घेऊन गेल्या. तात्पर्य, ही एका पुरुषाने बायकांना सोडवल्याची गोष्ट नव्हे. अँड्र्यूज हे पूल होते. मळ्यातली बाई, मुंबईची बाई आणि सिडनीची बाई यांच्यामध्ये ते उभे राहिले.

चरित्र लिहिताना नुसती आरती ओवाळू नये, म्हणून त्यांच्या लिखाणातले एक उणेही सांगते. फिजीतील हिंदी बायकांविषयी लिहिताना अँड्र्यूज यांच्या लेखणीत त्या पतित झाल्या, वाहवत गेल्या, असा सूर पुष्कळ वेळा येतो. हेतू दयेचा होता, पण मळेवाल्यांनी बायकांवर जो डाग लावला होता तो त्यामुळे अधिक गडद झाला. फिजीतच जन्मलेले, गिरमिटियाचे नातू असलेले इतिहासकार ब्रिज लाल यांनी ४५,००० हून अधिक मजुरांचे जुने परवाने तपासले आणि १९८५ साली कुंतीवर एक लेख लिहिला. कष्ट, आजार, कंगाली, साहेबाची दांडगाई या कारणांनी झालेल्या अनर्थाचे खापर बायकांच्या चालचलणुकीवर फोडले गेले, हे त्यांनी दाखवून दिले. ब्रिज लाल २०२१ मध्ये गेले, पण हे ऋण आपल्यावर ठेवून गेले. दया करणारासुद्धा बाईच्या चारित्र्याची चौकशी आधी करतो आणि तिच्या जखमेकडे नंतर पाहतो. ही खोड फार जुनी आहे, आणि ती भल्या माणसांतही असते.

पुढचे चरित्र थोडक्यात सांगते. आफ्रिकेतील हिंदी लोक, आसामच्या मळ्यांतून पळालेले मजूर, पंजाबात फटके खाल्लेले लोक, जेथे हाक आली तेथे अँड्र्यूज गेले. १९२४ च्या जानेवारीत पुण्याच्या ससून इस्पितळात गांधीजींची शस्त्रक्रिया झाली, तेव्हा तेही पुण्यास आले आणि नंतर जुहूला त्यांच्याजवळ राहिले. अखिल भारतीय ट्रेड युनियन काँग्रेसचे अध्यक्षपद त्यांना दोनदा मिळाले. १९३६ साली ते तिसऱ्यांदा फिजीला जाऊन आले. लग्न केले नाही, घर बांधले नाही, अंगावरचे कपडेही पुष्कळदा दुसऱ्याने दिलेले असत. ५ एप्रिल १९४० रोजी कलकत्त्यास त्यांचे देहावसान झाले आणि तेथल्याच मातीत त्यांना ठेवले आहे.

मग फिजीतल्या बायका सुखी झाल्या का? नाही. गिरमिट गेले, घरातली मारहाण राहिली. हिंदी घरांत राहिली आणि मूळ फिजीवासीयांच्या घरांतही राहिली. २०१३ साली तेथे एक मोठी पाहणी प्रसिद्ध झाली. जिला नवरा किंवा जोडीदार आहे किंवा होता, अशा दर १०० बायकांपैकी ६४ जणींनी आयुष्यात केव्हा ना केव्हा त्याच्या हातून शारीरिक किंवा लैंगिक अत्याचार सोसला होता. ही पाहणी केली ती सुव्याच्या स्त्री संकट केंद्राने. काही स्वयंसेविकांनी १९८४ मध्ये हे केंद्र काढले. त्याचे वैशिष्ट्य असे की ते हिंदी बाईचे नाही, फिजीयन बाईचे नाही, ते सगळ्यांचे आहे. जात, धर्म, वर्ण न पाहता येईल तिचे ऐकायचे, दवाखाना, पोलीस, कोर्ट यांपैकी जेथे गरज असेल तेथे तिला मदत करायची. जी शहरापर्यंत येऊ शकत नाही तिच्यासाठी कार्यकर्त्या गावोगाव जातात. गावचे प्रमुख, पोलीस, पुरुष मंडळी यांनाही त्या शिकवतात. पुढे आसपासच्या बेटांतील संस्थांचे जाळेही त्यातून उभे राहिले. २००९ साली फिजीत घरगुती हिंसाचाराविरुद्ध कायदा झाला, त्यामागे अशा बायकांची अनेक वर्षांची खटपट आहे.

योगायोग पाहा, त्याच १९८४ साली आपल्या मुंबईतही टाटा समाजविज्ञान संस्थेने पोलीस आयुक्तांच्या कचेरीत स्त्रिया आणि मुलांसाठी विशेष कक्ष सुरू केला. पोलिसांच्या आवारात, पण बसणारी बाई समाजसेविका. २००५ च्या कायद्याने आपल्याकडे संरक्षण अधिकारीही नेमले गेले. म्हणजे कायदा आहे, कचेरी आहे. पण कायद्यापर्यंत पोहोचण्याआधीची जी पायरी, ती अजून पुष्कळ गल्ल्यांत नाही. आपल्या मागच्या खोलीचा प्रस्ताव त्या पायरीपुरताच आहे.

आपण कोणाचा संसार मोडायला बसणार नाही, की न्यायनिवाडा करायला बसणार नाही. येणारीला पहिला प्रश्न तिच्या वागण्याविषयी विचारायचा नाही, हा एक नियम आपण केला तरी पुरे. तिला बसायला खुर्ची द्यावी, प्यायला पाणी द्यावे, दार लोटून घ्यावे आणि ऐकावे. मग दवाखाना, वकील, पोलीस, माहेर, जे तिला हवे असेल ते. ती झोपडीतून येवो की बंगल्यातून, आपल्या भाषेची असो वा नसो, पायांनी अधू असो वा डोळ्यांनी, तिला खोली सारखीच उघडी असावी. जाईजी पेटिट आणि त्यांच्या मैत्रिणींनी कुंतीची जात विचारली नव्हती.

फिजीतल्या कुली लाईनीत भिंती छपरापर्यंत नव्हत्या, म्हणून शेजारच्या बाईचा हुंदका सगळ्यांना ऐकू येई आणि तरी कोणी काही करू शकत नसे. आपल्या इमारतींच्या भिंती छपरापर्यंत आहेत, तरी रात्रीचा आवाज आपल्याला ऐकू येतोच. आपण मात्र काही करू शकतो. येत्या सर्वसाधारण सभेत हा प्रस्ताव मताला येईल, तेव्हा भगिनींनी एवढे ध्यानात ठेवून हात वर करावा, ही माझी नम्र विनंती.